कानाला खडा

माझा स्वभाव भांडखोर नाही. बँकेच्या काउंटरवर वीस-बावीस वर्षे काढलेला माणूस भांडखोर राहूच शकत नाही. त्याच्या वाट्याचे भांडण समोरची मंडळी रांगेत उभी राहून करून जातात. तरी आज मी भांडायला बसलो आहे, आणि माझे भांडण कोणा माणसाशी नसून एका वाक्याशी आहे. ते वाक्य म्हणजे, ‘आता पूर्णच बदलून टाका!’

हे वाक्य हल्ली कुठेही ऐकू येते. मिक्सरच्या भांड्याचे झाकण हरवले? मिक्सर बदला. छत्रीची एक काडी मोडली? छत्री बदला. आमच्या लहानपणी गल्लीत छत्रीवाला यायचा, कल्हईवाला यायचा, स्टोव्हच्या पिना घेऊन एक म्हातारा यायचा. पण यांपैकी कोणी आईला ‘वहिनी, पातेलं पूर्णच बदलून टाका’ असे सांगितल्याचे मला आठवत नाही. तसे सांगितले असते तर आईने पातेले तेच ठेवून कल्हईवाला बदलला असता.

आता मूळ तक्रारीकडे येतो. आमच्या सांगलीच्या घरी २०१३ साली जोडून घेतलेला एक संगणक आहे. जोडून घेतलेला म्हणजे ओळखीच्या एका मुलाने बोर्ड एकीकडून, कॅबिनेट दुसरीकडून असे करत स्क्रू पिळून उभा केलेला. ३२,००० रुपये पडले होते. सुरुवातीला त्याचा मान मोठा. त्याला झाकायला हिने भरतकाम केलेला रुमाल शिवला होता. मुलीचे शाळेचे प्रकल्प, माझे आयकराचे विवरण, हिच्या भिशीचा हिशोब, सगळे त्याच्यावर. मग घरात माणशी एक मोबाईल आला आणि संगणकाला कोणी विचारीना. अशा पडत्या काळात त्याला जवळ केले ते अण्णांनी. निवृत्त माणसाने निवृत्त यंत्राचा हात धरला.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय ७९. हायस्कुलात गणित शिकवत. त्यांना नाट्यसंगीताचे वेड. मुलीने त्यांना बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि पुढच्या पिढीतली झाडून सगळी मंडळी त्या संगणकात भरून दिली होती. अण्णांचा दिवस पहाटे साडेचारला उजाडतो. त्या वेळी बालगंधर्व कितीही गोड असले तरी शेजारच्या फ्लॅटमधली माणसे ते मान्य करण्याच्या मनःस्थितीत नसतात. म्हणून अण्णा हेडफोन लावून ऐकत. साडेचार ते सहा. डोळे मिटलेले, उजव्या हाताचा ताल मांडीवर. त्या दीड तासात त्यांना चहासुद्धा विचारायचा नाही, हा घरचा नियम.

गेल्या पावसाळ्यात एके दिवशी मी दाढी करत असताना अण्णा येऊन उभे राहिले.

‘अरे, गाणारा कुठे गेला?’

‘कोण गाणारा?’

‘गाण्यातला. तबला वाजतोय, तंबोरे वाजतायत, गाणारा नाही.’

‘असं कसं होईल अण्णा?’

‘तेच विचारतोय. आणि बालगंधर्व लावले तर नुसती खरखर. पत्र्यावर पाऊस पडावा तशी.’

मी साबणाच्या फेसातूनच हसलो. संध्याकाळी साडेचारशे रुपयांचा नवा हेडफोन आणून दिला. गाणारा त्यातही नव्हता. मग घरात ठरले, की दोष कानांचा. खरे म्हणजे ठरले असेही नाही, आपोआप समजले गेले. हेडफोन नवा, संगणकाचा पडदा लख्ख दिसतोय, तबला वाजतोय. उरले कोण? ७९ वर्षांचे अण्णा. ही म्हणाली, ‘वय झालं हो त्यांचं.’ हे वाक्य तिने आधी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हटले. दोन दिवसांनी ते बाहेरच्या खोलीत, अण्णांच्या देखत, नेहमीच्या आवाजात म्हटले जाऊ लागले. अण्णांना ऐकू येत नाही असे एकदा धरून चालल्यावर आम्ही त्यांच्याशी ओरडून बोलू लागलो आणि त्यांच्याविषयी त्यांच्यासमोर बोलू लागलो. त्यांना दोन्ही व्यवस्थित ऐकू येत होते, हे पुढे कळले.

कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी थोडा मळ काढला, बंद खोलीत बसवून बारीक-मोठ्या शिट्या ऐकवल्या आणि सांगितले, ‘वयाच्या मानाने उत्तम आहेत. काळजी नको.’ फी आणि चाचणी मिळून चौदाशे रुपये झाले. एवढे पैसे देऊन काही निघाले नाही म्हटल्यावर आमचा विश्वासच बसेना. कान ठीक आणि गाणारा नाही, म्हणजे गडबड त्याच्याही आत असणार! पुण्याच्या मेहुण्यांनी तर फोनवरूनच मेंदूच्या डॉक्टरांचे नाव सुचवले. अण्णांनी तेही ऐकले असावे. कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडफोनची वायर नीट गुंडाळली, कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, ‘राहू दे. ऐकून झालंय सगळं.’

त्यानंतर महिनाभर अण्णा पहाटे साडेचारला उठून गॅलरीत बसत. अंधारात. नुसते. मला वाटे, बरे आहे, हवा तरी मिळते.

उलगडा झाला तो बँकेच्या कृपेने. आम्हाला घरी बसून पाहण्यासाठी एक प्रशिक्षणाचा व्हिडिओ आला होता. विषय, ‘ग्राहकाशी सौजन्याने कसे बोलावे’. मोबाईलच्या पडद्यावर अक्षरे दिसेनात म्हणून मी रविवारी संगणक लावला, खिळ्यावरचा हेडफोन काढून कानाला लावला. पडद्यावर एक वरिष्ठ अधिकारी हातवारे करत होते, त्यांचे ओठ हलत होते, मागे मंद सतार वाजत होती आणि त्यांच्या तोंडचा एक शब्दही ऐकू येत नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला मनापासून आवडलेले हे पहिले प्रशिक्षण!

पाच मिनिटे मी सुखाने सतार ऐकली. मग पोटात धस्स झाले. अधिकारी गेले आणि सतार राहिली. गाणारा गेला आणि तबला राहिला. माझे कान तर अजून पन्नाशीलाही आलेले नाहीत. मी तोच हेडफोन मोबाईलला लावून तोच व्हिडिओ लावला, तर अधिकारी धाडकन बोलू लागले. म्हणजे कान ठीक, हेडफोन ठीक. दोष होता संगणकाच्या भोकात! महिनाभरात हे दोन मिनिटांचे काम घरातल्या एकालाही सुचले नव्हते. आम्ही हेडफोन बदलून पाहिला, अण्णांना तपासून आणले. यंत्राला कोणी हात लावला नाही.

काय झाले होते ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरी कोणाचे कान उगाच तपासले जाणार नाहीत. हेडफोनच्या पिनवर काळ्या रेघांनी पाडलेले तीन भाग असतात. टोकाचा डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा, आणि मुळाशी असतो तो दोघांचा सामाईक, परतीचा. त्याला अर्थ म्हणतात. भोकातली ती एक पट्टी गंजून अर्थ तुटला, की विजेला परतीची वाट राहत नाही. मग ती एका कानातून दुसऱ्या कानाकडे अशीच फिरते, आणि आपल्याला ऐकू येते ती डाव्या-उजव्याची वजाबाकी. दोन्ही बाजूंना जे सारखे, ते शून्य. ध्वनिमुद्रण करताना गायकाचा आवाज मधोमध यावा म्हणून दोन्ही बाजूंना सारखाच ठेवतात, म्हणून नेमका तोच जातो. तबला जरा एका अंगाला, तंबोरे दुसऱ्या अंगाला ठेवलेले असतात, म्हणून ते वाचतात. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या तर एकाच अंगाच्या, म्हणजे मोनो. तिथे सगळे गाणेच सारखे आणि सगळेच वजा! उरते ती तबकडीच्या चरांतली खरखर, कारण तीच काय ती दोन्ही बाजूंना नेमकी सारखी उतरत नाही. जमेइतकाच खर्च, शिल्लक खरखर. अर्थच सुटल्यावर गाण्यात दुसरे काय राहणार?

म्हणजे अण्णांनी आल्या दिवशी जे सांगितले होते ते अक्षरशः खरे होते. त्याहून नेमके वर्णन एखाद्या इंजिनियरलाही जमले नसते.

आता संगणकाला मागे एक हिरवे भोक असते आणि पुढे एक. पुढच्यात मुलीच्या कुठल्यातरी जुन्या हेडफोनच्या पिनेचे टोक मोडून राहिले होते. म्हणून सगळा भार मागच्यावर. आणि मागचे भोक २०१९ च्या ऑगस्टपासून खंगत चालले होते. त्या महापुरात कृष्णा आमच्या जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत आली होती. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्यामुळे वाचलो. पण पाणी उतरल्यावरही घरात जी दमट हवा राहिली तिने कपाटाच्या बिजागऱ्या खाल्ल्या, पंख्याचे स्क्रू खाल्ले आणि या भोकातली पट्टीही चाखून ठेवली. तिचा शेवटचा धागा तुटायला गेल्या वर्षाचा पावसाळा उजाडला, एवढेच.

मी संगणक रिक्षात घालून दुकानात नेला. काउंटरवरचा मुलगा हुशार होता. त्याने कॅबिनेट उघडले, आत पाहिले, बंद केले.

‘काका, साउंड ऑनबोर्ड आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे बोर्डातच. साउंड गेला म्हणजे बोर्ड गेला.’

‘मग बोर्ड बदलू या.’

‘हा बोर्ड आता येत नाही. आणि नव्या बोर्डाला तुमचा प्रोसेसर बसत नाही.’

‘मग प्रोसेसरही बदलू.’

‘मग रॅम पण. तुमची डीडीआर-थ्री आहे, ती आता चालत नाही.’

‘कॅबिनेट तरी चालेल?’

‘चालेल,’ तो दयेने म्हणाला, ‘पण नव्या मशीनला जुनं कॅबिनेट शोभत नाही काका. आता पूर्णच बदलून टाका.’

त्याने कागदावर ३८,००० लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

वाचकहो, बँकेत कर्जाचा हप्ता थकला, तरी ९० दिवस वाट पाहिल्याशिवाय आम्ही ते खाते बुडीतांच्या यादीत ढकलत नाही. या मुलाने ९० सेकंदांत ढकलले! कानात दडा बसला म्हणून वैद्याकडे गेलेल्या माणसाला वैद्याने सांगावे, ‘कान डोक्यातच बसवलेला आहे. कान गेला म्हणजे डोके गेले. या मापाचे डोके आता येत नाही, आणि नव्या डोक्याला तुमचा हा गळा बसणार नाही.’ तसाच हा प्रकार.

त्या मुलावर माझा राग नाही. तो शिकला तसे बोलला. त्याला भोक बदलायला अर्धा दिवस लागणार आणि त्याचे शंभर-दोनशे मिळणार. नवे यंत्र विकायला अर्धा तास पुरतो. माझा राग आहे तो त्या रिकाम्या जागेवर, जी ‘बिघडले’ आणि ‘बदला’ या दोन शब्दांच्या मध्ये असायला हवी आणि आता कोणी ठेवत नाही. तिथे पूर्वी एक प्रश्न असे, ‘नेमके काय बिघडले?’

आम्ही कॉमर्सची माणसे, म्हणून हिशोबाने बोलतो. धंद्यातल्या संगणकावर आयकराच्या नियमांनी वर्षाला ४० टक्के घसारा धरतात, तोही दर वर्षी उरलेल्या किमतीवर. त्या दराने माझ्या ३२,००० च्या यंत्राचे पहिल्या वर्षाअखेर १९,२०० उरतात, दुसऱ्याअखेर ११,५२०, आणि असे करत बारा वर्षांनी सुमारे ७० रुपये. पण या पद्धतीची खुबी अशी, की किंमत कितीही वर्षांनी शून्य होत नाही. दर वर्षी काहीतरी उरतेच. आयकर खात्याइतकी कठोर मनाची माणसेही जे यंत्र शून्य मानायला तयार नाहीत, ते आपण एका भोकापायी शून्य मानायचे? पडदा चालू, कळफलक चालू, अण्णांची सगळी गाणी आत सुखरूप. फक्त त्यांना बाहेर यायला दार नाही.

आणि हे दार बोर्डात चिणले कोणी? पूर्वी संगणकाला आवाजच नव्हता, नुसते ‘पीं’ करायचा. १९८९ साली साउंड ब्लास्टर नावाचे कार्ड आले. वेगळे कार्ड, वेगळ्या खाचेत बसणारे. बिघडले की उपटून दुसरे लावा. १९९७ साली इंटेलने एसी-९७ नावाचा आराखडा आणला आणि पुढे हे काम बोर्डावरच्याच नखाएवढ्या चिपकडे गेले. स्वस्त झाले, हे कबूल. पण वेगळे बिऱ्हाड होते ते एकत्र कुटुंबात आले, आणि एकत्र कुटुंबात एकाचे पोट दुखले की सगळ्यांनी एरंडेल प्यायचे.

दुकानातून परत येताना मी रिक्षा एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टपरीशी थांबवली. तिथले गृहस्थ साठीचे. डोळ्याला भिंग लावून, बॅटरीच्या उजेडात त्यांनी मागचे भोक पाहिले आणि मान डोलावली. म्हणाले, ‘साहेब, वाटा चार आहेत. हे भोक काढून दुसरं झाळून देतो, पण बोर्ड सगळा बाहेर काढायला लागेल. जुना माल आहे, हात लागून दुसरं काही गेलं तर बोल माझ्यावर. नाहीतर पुढच्या भोकाची पट्टी मागवू, आठ-दहा दिवस लागतील. नाहीतर आत बसणारं साउंड कार्ड घ्या. नाहीतर हे.’ आणि त्यांनी खणातून अंगठ्याएवढी एक काळी वस्तू काढली. एका टोकाला यूएसबी, दुसऱ्या टोकाला दोन भोके, एक हेडफोनचे आणि एक माइकचे. किंमत २२० रुपये.

चार वाटा! आणि दुकानात मला एकच सांगितली गेली होती, तीही ३८,००० ची.

हा काळा खडा म्हणजे काय आहे? तर आख्खे साउंड कार्डच आहे, घराबाहेर बिऱ्हाड केलेले. संगणकातले गाणे म्हणजे नुसते आकडे. सीडीच्या प्रतीचे गाणे घेतले तर प्रत्येक बाजूचे सेकंदाला ४४,१०० आकडे, प्रत्येक आकडा १६ बिटांचा. दोन्ही बाजू मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. हे आकडे खड्यात जातात आणि आतली चिप त्यांची पुन्हा कमी-जास्त होणारी वीज करून हेडफोनला देते. बोर्डावरची आवाजाची चिप, तिची गंजकी पट्टी, मोडकी पिन, यांच्या दारात पाऊलही न टाकता! आणि वाट पुरते का म्हणाल, तर यूएसबीच्या जुन्या, १.१ च्या वाटेवरूनही सेकंदाला १ कोटी २० लाख बिट जाऊ शकतात. आपले गाणे तिच्या आठव्या हिश्श्यातही मावते.

या यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ चा. तो इंटेलमध्ये ज्यांनी आखला त्यांत प्रमुख अजय भट्ट, आणि ते शिकले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात. हिराबाई बडोदेकर आमच्या घरात परत आल्या त्या बडोद्यात शिकलेल्या माणसाने आखलेल्या रस्त्याने, हे अण्णांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘गायकवाडांचं पुण्य!’

तरी घरी आणून लावल्यावर घोटाळा झालाच. खड्यावरचा दिवा लागला, हेडफोन कानाला लावला, आणि शांतता. आता तबलाही नाही! माझा चेहरा पाहून मुलगी म्हणाली, ‘बाबा, आवाज कुठून काढायचा ते त्याला सांगा ना.’ खरेच होते. शाखेत नवा क्लार्क येऊन बसला तरी लोक जुन्याच खिडकीशी उभे असतात. कोणीतरी पाटी लावावी लागते. संगणकाच्या आवाजाच्या यादीत आता दोन नावे होती. त्यातले यूएसबीचे नाव निवडले, आणि काम झाले. सीडी घालणे नाही, ड्रायव्हर शोधणे नाही. आवाजाच्या उपकरणांनी यूएसबीवरून कसे बोलावे याचे नियम १९९८ सालीच ठरले आहेत. ते पाळणारा खडा विंडोजला कळतो तसाच लिनक्सलाही कळतो.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे. ते मी ऐकून घेतले आहे, कारण आमच्या शाखेत या विषयावर दोन दिवस मधल्या सुट्टीत दुसरे काही बोलले गेले नाही.

पहिला आक्षेप, हे जुगाड आहे. जुगाड! चष्मा काय आहे? डोळे आत बिघडले म्हणून बाहेरून लावलेली वस्तू. कवळी काय आहे? नाकावर चष्मा ठेवून, कवळीने चकली खात, हा आक्षेप मला आमच्या हेडकॅशियरांनी सांगितला.

दुसरा आक्षेप, स्वस्तातला आवाज हलका असतो. असतो, काही खड्यांत बारीक सळसळ असते. मोठ्या कानांच्या लोकांसाठी हजारांत आणि लाखांतही किंमत जाणारे डॅक मिळतात, त्यांनी ते जरूर घ्यावेत. पण बोर्डावर पंखे, चिपा, तारा सगळ्या एकाच खोलीत नांदत असतात, आणि त्यांची गुणगुण आवाजाच्या तारांत शिरते. खडा बाहेर असल्याने पुष्कळदा ती कमीच होते. आणि तुलना कोणाशी करायची? गाणारा नसलेल्या गाण्याशी?

तिसरा आक्षेप, टिकत नाही. धक्का लागला की हलतो, हेही खरे. त्यावर वीतभर यूएसबीची वायर मध्ये घालावी, म्हणजे ओढ खड्याला बसत नाही. मोबाईलचा माइकवाला हेडफोन असेल तर त्याच्या पिनवर चार भाग असतात. तो दोन भोकांच्या खड्याला लावायचा आणि माइकही हवा असेल, तर मध्ये जोडणी लागते. हे सगळे मान्य. पण असे १७२ खडे बिघडतील तेव्हा कुठे ३८,००० होतील, आणि अण्णा तेवढे खडे झिजवायला दोनशे वर्षे जगले तर मला आनंदच आहे.

चौथा आक्षेप आमच्या शाखेतल्या तरुण मंडळींचा. म्हणे कंपन्याच आता जुने सोडून देतात, आपण कोण धरून ठेवणारे? पण कंपन्यांचीच गोष्ट पाहा. २०१६ साली ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक काढून टाकले आणि डब्यात काय दिले? बाहेरून लावायची एक बोटभर शेपटी, जिच्या आत आकड्यांचा आवाज करणारी चिप आहे. म्हणजे मोठ्यांनी केले की ते धाडस, आणि सांगलीत रेडिओवाल्याने केले की ते जुगाड. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबले तेव्हाही आम्हाला हेच ऐकवले, पूर्णच बदलून टाका. मुलीने एका रविवारी त्यात लिनक्स घातली. अण्णांना फरक एवढाच जाणवला, की मागचे चित्र बदलले. सरकारनेही २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल उघडले आहे. हक्क उघडला हे चांगलेच. पण तो बजावण्याआधी ‘नेमके काय बिघडले’ हे आपणच विचारावे लागते.

आणि हे मी दुसऱ्याला शिकवतोय कुठल्या तोंडाने? दुकानातल्या मुलाने माझे यंत्र ९० सेकंदांत बाद केले म्हणून मी एवढा संतापलो. मी अण्णांना किती वेळात बाद केले होते? दाढीचा फेस वाळायच्या आत! त्या मुलाने निदान कॅबिनेट उघडून पाहिले होते.

खडा चालू झाला त्या रात्री मी अण्णांना काही बोललो नाही. हेडफोन परत संगणकापाशी ठेवला, एवढेच. पहाटे मुद्दाम उठलो. अण्णा खुर्चीवर बसले होते. डोळे मिटलेले. बराच वेळ हात मांडीवर नुसता पडून होता. मग ताल सुरू झाला. सहा वाजता त्यांनी हेडफोन काढला आणि मी दारात उभा आहे हे न बघताच म्हणाले,

‘आला परत.’

‘हो अण्णा. भोकात दोष होता. अर्थ तुटला होता. डाव्यातून उजवं वजा होत होतं.’

गणिताच्या मास्तरांनी क्षणभर विचार केला. ‘अ वजा अ,’ ते म्हणाले. ‘बरोबर. शून्यच येणार.’ मग थांबून म्हणाले, ‘मी सांगत होतो तेव्हा तुम्ही माझे कान तपासलेत.’

‘चुकलं अण्णा.’

‘चौदाशे घेतले त्याने.’

‘हो.’

‘आणि हे केवढ्याचं?’

‘दोनशे वीस.’

अण्णांनी वजाबाकी केली असणार, कारण ते जरा हसले. मी मात्र त्या दिवसापासून कानाला खडा लावला आहे. कोणी काही ऐकू येत नाही म्हटले, दिसत नाही म्हटले, की आधी यंत्र तपासायचे. माणसाला मागाहून.

परवा गुडघ्याच्या दुखण्यासाठी अण्णांना हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो. त्यांनी फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘दोन्ही गुडघे आता पूर्णच बदलून टाका.’

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. मग डॉक्टरांना नम्रपणे विचारले, ‘बाहेरून लावायचं काही येत नाही का हो?’

सध्या त्यांना काठी आणून दिली आहे. अडीचशे रुपये. पुढचे पाहू.